झाड लावलं, पुढं काय?

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला घरासमोर पावसाळ्यात कडुनिंब लावलाय, रोज तांब्याभर पाणी घालते तरी आता पानं पिवळी पडून गळतायत. खत कमी पडतंय का?

उत्तर : ताई, खताचं राहू द्या. तांब्याभर पाणी वरच्या दोन बोटं मातीतच संपतं, मग मुळं खाली जातीलच कशाला? आधी चार बोटं उकरून बघा, ओल असेल तर थांबा, कारण आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि पाणी साचलं तरी पानं पिवळीच पडतात. कोरडी असेल तर बुंध्यापासून वीतभर लांब आळं करून दोन बादल्या सावकाश सोडा, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, आणि हे निदान दोन वर्षं. एप्रिलात भेगा पडतात त्यातून मुळं सुकतात, म्हणून आळ्यात उसाचं पाचट तीन-चार इंच पसरा (सांगलीत पाचटाला काय तोटा!), फक्त खोडाला चिकटू देऊ नका. ट्री गार्डला तारेनं बांधलं असेल तर आजच सोडा, खोडात रुतते ती, कापडाची पट्टी सैल बांधा. आणि हो, फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब पानं गाळतोच, पाडव्याच्या सुमारास कोवळा पाला येतो, तेव्हा लगेच घाबरू नका.