डॉग ग्रूमर व्हायचं आहे, कुत्री जीव की प्राण आहेत. कोर्स करावा का, आणि पैसा किती मिळतो?

कुत्री जीव की प्राण असण्याचा इथे फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगतो. टेबलावर येणारं निम्मं गिऱ्हाईक तुम्हाला बघून मुततं. माझ्या अंगठ्यावरचा वण कुठल्या रॉटवायलरचा नाही, एका पॉमेरेनियनचा आहे.

आता कोर्स. मी साताऱ्याच्या न्हाव्याचा मुलगा. आप्पांच्या दुकानात चार वर्षं काढली, मग भांडून पुण्याला आलो आणि तीन आठवड्यांचा कोर्स केला. आप्पांचं म्हणणं, "चार पिढ्या गावाची डोई केली, आता कुत्र्यांची करणार?" मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, हे वेगळं काम आहे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पुण्यात आले तेव्हा दुपारचे माझ्या दुकानात स्टुलावर बसायचे. एक दिवस एक शिह त्झू आला, लांब केसांचं छोटं कुत्रं. पाच महिने कंगवा नाही, कानामागे केसांची पार घोंगडी झालेली. मालकीणबाईंना तो 'टेडी बेअरसारखा' हवा होता, बारीक अजिबात नको. अशा गाठीला मशीनचं दहा नंबरचं ब्लेड लावून, कातडीला आडवं धरून ती सरळ उतरवायची असते. मी बाईंच्या भिडेपोटी लांबी वाचवायला गेलो आणि कात्री घातली. गाठीने कानाची कड आत ओढून घेतली होती. ती कापली गेली.

कानाचं रक्त थांबत नाही, कारण कुत्रं डोकं झटकत राहतं. भिंत, आरसा, माझा चष्मा, सगळीकडे शिंतोडे. नखातून रक्त आलं तर लावायची पावडर लावली, तीही उडाली. आप्पा उठले. पिशवीतून स्वतःच्या दाढीचा तुरटीचा खडा काढला, ओला करून कडेवर दाबला, कान डोक्यावर उलटा पाडला आणि खांद्यावरच्या पंच्याने बांधून टाकला. दुसऱ्या हाताने त्यांनी त्याची हनुवटी धरली होती. जावळाला रडणारं पोर धरतात ना, अगदी तशी. कुत्रं दोन मिनिटांत गप्प.

डॉक्टरकडे टाका पडला, बिल मी भरलं, बाई परत आल्या नाहीत. बरोबरच आहे. रात्री आप्पा एवढंच म्हणाले, "गाठीत काय आहे ते बोटाला कळल्याशिवाय हत्यार घालायचं नाही. चार वर्षं हेच सांगत होतो."

तर कोर्सला पैसे भरण्याआधी कुणाच्या तरी दुकानात सहा महिने नुसत्या आंघोळी घाला. कातडी, गोचीड, गाठ बोटांना कळू दे. मग कोर्स करा हवा तर. सगळेच कोर्स वाईट असतात असं नाही, माझा होता.

पैसा? पहिल्या वर्षी महिना ९ हजार. आता शिह त्झूच्या पूर्ण कामाचे १,५०० घेतो, अडीच तास जातात. भाडं आणि ब्लोअरचं वीजबिल वजा करून हिशेब तुम्हीच मांडा. मे महिन्यात लोक गोल्डन रिट्रीव्हरचं टक्कल करायला आणतात, तेव्हा नाही म्हणावं लागतं. दुहेरी केसांचं कुत्रं आहे, वरचे लांब केस ऊन अडवतात आणि भादरल्यावर ते धड परत येतीलच असं नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. जाऊ दे.

आप्पा अजून भावकीत सांगतात, पोरगा पुण्यात जनावरांच्या दवाखान्यात आहे. दवाखान्यात नाही, आप्पा. न्हावीच आहे. दुकानाच्या पाटीवरही तेच लिहून घेतलंय, मराठीत.

आणि हो, रेबीजची लस आधीच टोचून घ्या. कमरेचा पट्टाही लागेल, पस्तिशीच्या आतच.