शेजारचा कुत्रा दिवसभर भुंकतो, दाद कुठे मागायची?

प्रश्न : शेजारच्या फ्लॅटमधला पाच वर्षांचा लॅब्राडॉर गॅलरीच्या ग्रिलला हातभर साखळीने बांधलेला असतो. घरातले सकाळी आठला जातात ते रात्री नऊला येतात. तोवर याचं भुंकणं, मधूनच रिकामं भांडं फरशीवर आपटणं. यजमानांची बायपास झाली आहे, त्यांचा दुपारी डोळा लागत नाही. पोलीस म्हणाले, आपसात मिटवा. कमिटी ‘कुत्रा काढा’ असा ठराव करणार आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी तो ठराव थांबवा. भुंकतो एवढ्यावरून सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलं आहे. उद्या तुमचीच बाजू लंगडी पडेल.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांवरही फार भिस्त नको. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा. तक्रारीसाठी आवाज त्याहून १० ने जास्त लागतो, आणि मोजणी सरासरीची. कुत्रा दम खायला थांबला की सरासरी उतरली!

तुमच्या पत्रात माझ्या कामाचा शब्द आहे तो ‘साखळी’. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११. आखूड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हाही गुन्हाच. दंड वाचून हसाल : पहिल्या खेपेला १० ते ५० रुपये. शिवाय गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करतील, तपासाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागेल. खटलाही गुन्हा घडल्यापासून तीनच महिन्यांत भरावा लागतो. तरीही वकिलामार्फत नोटीस द्याल तेव्हा हेच कलम पुढे ठेवा. ‘कुत्रा आहे, भुंकणारच’ असं मालक म्हणू शकतो. तेरा तास का बांधला, याला त्याच्याकडे उत्तर नसतं.

नोटिशीने भागलं नाही तर दिवाणी न्यायालयात उपद्रवाचा दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मागा. ‘कुत्रा हटवा’ असं मागू नका. दिवसा गॅलरीत बांधू नये, दुपारी कुणीतरी फिरवून आणावं, एवढंच मागा. असा हुकूम मिळणं सोपं जातं.

त्यासाठी पंधरा दिवस वहीत वेळा टिपा. साखळी दिसेल असा व्हिडिओ आपल्याच खिडकीतून घ्या आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीवर कोर्टात खल होतो. सोसायटीला लेखी कळवून पोच घ्या. हे सगळं करण्याआधी एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन तो व्हिडिओ दाखवा. दिवसभर बाहेर असलेल्यांनी तो आवाज बहुधा ऐकलेलाच नसतो.

वरच्या मजल्यावरचे काका ‘काहीतरी खायला घालू’ म्हणतात, असं तुम्ही ताजा कलममध्ये लिहिलंय. त्यांना आजच सांगा, प्राण्याला विष घालण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.