न जुळलेली उत्तरे चुकलेलीच असतात का?

पत्र (संक्षेपाने): आम्ही नागपूरला मानेवाडा भागात राहतो. माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. रसायनशास्त्राचा पेपर सोडवून बाहेर आला तेव्हा तो बरा होता. नंतर केंद्राच्या फाटकाबाहेर आणि रात्री उशिरापर्यंत फोनवर मित्रांशी उत्तरे पडताळून पाहिली आणि १४ गुण गेले, असे त्याने ठरवून टाकले. चार एमसीक्यू (एकेका गुणाचे बहुपर्यायी प्रश्न), तीन-तीन गुणांची दोन न्यूमेरिकल आणि चार गुणांचा एक प्रश्न. गणिताचा पेपर तोंडावर आला आहे, पण तो पुस्तक उघडत नाही. केमिकल इंजिनिअरिंगचे स्वप्न संपले, असे म्हणतो. त्याचे मित्रांशी बोलणे बंद करावे का? की हे वर्ष सोडून पुन्हा परीक्षा द्यायला लावावी? – एक आई

सप्रेम नमस्कार ताई,

मुलाने मांडलेला हिशेब गेलेल्या गुणांचा नाही, मित्रांशी न जुळलेल्या उत्तरांचा आहे. या दोन गोष्टी त्याने एकच मानल्या आहेत आणि त्याची बरीचशी घालमेल तिथूनच सुरू झालेली दिसते. केंद्राबाहेर चार मुले उभी राहिली की त्यांतला जो ठामपणे बोलतो त्याचे उत्तर खरे धरले जाते, आणि तो कशाच्या आधारावर ठाम आहे हे सहसा कोणी विचारत नाही. शिवाय मुलांच्या हातात प्रश्नपत्रिका असते, उत्तरपत्रिका नसते. आपण काय लिहिले हे आठवूनच सांगावे लागते, आणि घाबरलेल्या मुलाची आठवण बहुधा त्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

रसायनशास्त्रात हा गोंधळ अधिक होतो, कारण तिथे प्रश्नातल्या एका शब्दावर उत्तर फिरते. मिथिल अमाइन्स या नायट्रोजनयुक्त संयुगांच्या बेसिक स्ट्रेंग्थचा, म्हणजे अल्कधर्मी बळाचा, क्रम घ्या. नायट्रोजनला एक, दोन की तीन मिथिल गट जोडलेले आहेत, त्यावरून त्यांना प्रायमरी, सेकंडरी व टर्शरी म्हणतात. जलीय द्रावणात सेकंडरी, प्रायमरी, टर्शरी असा तो उतरता लागतो, वायुरूप अवस्थेत मात्र टर्शरी सर्वांत पुढे जाते, आणि मिथिलच्या जागी इथिल गट असेल तर पाण्यातही टर्शरीचा क्रमांक प्रायमरीच्या आधी येतो. अशा प्रश्नावर दोन हुशार मुलांची उत्तरे जुळली नाहीत, तर त्यांतल्या एकाने ‘जलीय’ हा शब्द नजरेआड केला असण्याचा संभव असतो. तो एक म्हणजे तुमचाच मुलगा, असे गृहीत धरण्याला काही आधार नाही.

न्यूमेरिकलच्या बाबतीत तर त्याने पूर्ण सहा गुण वजा केले, हे मला मुळीच पटत नाही. डॅनियल सेलचा, म्हणजे जस्त-तांब्याच्या विद्युतघटाचा, साधा प्रश्न घेऊ. प्रमाण विभव १.१ व्होल्ट, दोन इलेक्ट्रॉन आणि फॅरडेचा स्थिरांक ९६५०० धरला, तर गिब्ज ऊर्जेतील बदल उणे २१२३०० जूल येतो. शेजारच्या मुलाने उणे २१२.३ किलोजूल लिहिले असेल, तर फोनवर दोघांचे आकडे जुळणार नाहीत, पण उत्तर दोघांचेही बरोबर असेल. बोर्डाच्या या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरावे लागते, त्यामुळे शेवटच्या एखाद्या अंकाचा फरक पडणे स्वाभाविक आहे. आणि उत्तर खरोखरच चुकले असले, तरी सूत्र योग्य लिहिले असेल व किमती नीट घातल्या असतील, तर त्या पायऱ्यांचे गुण परीक्षक देतात.

प्रश्नच चुकीचा छापला गेला असेल, तर त्याचाही निर्णय मित्रमंडळींनी करावयाचा नसतो. फेब्रुवारी २०२३ मधील बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात अशी चूक झाली होती, तेव्हा ते प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केलेल्या विद्यार्थ्यांना ६ गुण देण्याचे मंडळाने ठरवले.

एका ठिकाणी मात्र त्याची भीती साधार असू शकते. एमसीक्यूमध्ये पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावे लागतात, आणि पहिल्यांदा लिहिलेले उत्तरच तपासले जाते, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवर असते. घाईत नुसते ‘ब’ किंवा ‘क’ लिहिले गेले असेल, तर तो गुण गेला असे समजावे. रसायनशास्त्रात असे दहा प्रश्न एकेका गुणाचे असतात. गणितात आठ असतात, पण प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे ८० पैकी १६ गुण. त्याने आज रात्री एकच काम करावे असे मला विचाराल, तर गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिकेवरील सूचना सावकाश वाचाव्यात, एवढेच मी सांगेन.

आता प्रवेशाचे पाहू. रसायनशास्त्राचे १०० गुण असतात, त्यांत लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३०. त्याचे चौदाच्या चौदा गुण गेले असे मानले तरी लेखीत ५६ उरतात. ते सगळे मिळतीलच असे नाही, आणखी दहा कमी धरा, तरी ४६ अधिक प्रात्यक्षिकाचे गुण, ही काही स्वप्न संपल्याची संख्या नव्हे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या राज्यस्तरीय प्रवेशासाठी बारावीला पात्रतेपुरते गुण लागतात, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के. पुढचा क्रम सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइलवर लागतो. १९४२ पासून केमिकल इंजिनिअरिंगसाठी नावाजलेली आपल्या गावची एलआयटी ही संस्था सीईटीच्याच वाटेवर आहे. नागपूरच्याच व्हीएनआयटी या केंद्रीय संस्थेचे गणित वेगळे आहे. तिथे जेईई मेन या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतील क्रमवारी लागते आणि बारावीत एकूण ७५ टक्के किंवा मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. त्याने जेईई दिली असेल आणि इतर विषयांत तो पंचाहत्तरच्या काठावर असेल, तर त्या टक्केवारीची काळजी रास्त आहे. पण ती काळजी गणिताचा पेपर नीट सोडवूनच कमी होणार आहे.

म्हणून वर्ष सोडण्याचा विचार आज करू नये. निकालच लागलेला नसताना कोणत्या गुणांसाठी वर्ष सोडायचे? निकालानंतर रसायनशास्त्राचे गुण अनपेक्षितपणे कमी वाटले, तर मंडळाकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि ती हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. दोन्हींच्या मुदती थोड्या दिवसांच्या असतात, त्यामुळे निकालाच्या आठवड्यात मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. छायाप्रत आली की त्याने काय लिहिले होते हे प्रथमच कागदावर दिसेल.

मित्रांशी बोलणे तोडण्याच्या मी विरुद्ध आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलांना आपल्यासारखेच घाबरलेले कोणीतरी हवे असते, आणि बंदी घातली की बोलणे चोरून होते. त्याऐवजी शेवटचा पेपर होईपर्यंत झालेल्या पेपरविषयी घरात कोणीही काही विचारायचे नाही, असे ठरवून टाका. या ‘कोणीही’मध्ये तुम्ही आणि त्याचे वडील दोघेही येता, हे स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नये. ‘किती पडतील?’ हा प्रश्न जेवायला बसताना प्रेमानेच विचारला जातो, परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी मुलाला पुन्हा बेरीज-वजाबाकी मांडावी लागते, आणि मग तो फोन उचलतो. क्लासवाल्यांच्या उत्तरसूच्या त्याच संध्याकाळी ग्रुपवर फिरू लागतात, त्या तपासून पाठवलेल्या असतातच असे नाही. तेवढा ग्रुप त्याने स्वतःहून गणिताचा पेपर होईपर्यंत म्यूट केला, तर उत्तम.

परीक्षा संपल्यावर मात्र त्या सर्वांना तुमच्या घरी खुशाल बोलवा, तर्रीपोहे करा, आणि प्रश्नपत्रिका व बालभारतीचे पाठ्यपुस्तक मध्ये ठेवून वादाचा एकेक प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा आज ज्या चार एमसीक्यूंनी त्याची झोप घालवली त्यांची तयारी तिथे उपयोगी पडेल. फक्त सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीचा असतो. बारावीच्या बोर्डाच्या धावपळीत अकरावीचे पुस्तक बहुतेकांच्या घरी माळ्यावर गेलेले असते. ते गणिताचा पेपर झाल्यावर काढून ठेवावे.