लढाईच्या रीएनॅक्टमेंटला गट न्यायचाय? आधी छावणी गाठा

रीएनॅक्टमेंट म्हणजे जुनी लढाई हौशी मंडळींनी त्या काळचे कपडे आणि हत्यारं घेऊन मैदानात पुन्हा करून दाखवणं; ही मंडळी जिथे मुक्काम करतात ती छावणी. समजा, तुम्हाला हे दाखवायला एक गट न्यायचाय: बारा ते चौदा वयाची तीसेक मुलं, सोबत काही पालक, सगळ्यांनाच हा प्रकार नवा आणि हाताशी एकच दिवस. मुलं घाबरतील की कंटाळतील, अशी तुमची शंका आहे. दोन्ही होऊ शकतं, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: गट थेट लढाईच्या वेळेला पोचतो.

प्रत्यक्ष लढाईचा प्रयोग फार लांबत नाही, बऱ्याच ठिकाणी तासाभरात आटोपतो. छावणी मात्र सहसा दिवसभर उघडी असते आणि पाहण्यासारखं बरंचसं तिथेच असतं. गेट उघडताच आत शिरा. सकाळी चुली पेटलेल्या असतात, कुणी बटण शिवत बसलेलं असतं, कुणी बंदूक पुसत असतं, आणि ही हौशी मंडळी गप्पांना मोकळी असतात. लढाईच्या आधीचा तासभर मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नका. तेव्हा कवायत आणि शस्त्रांची तपासणी चालू असते.

मुलांच्या पाच-सहा जणांच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीबरोबर एक मोठं माणूस. ‘या कपड्यांत उकडत नाही का?’ हे ऐकून त्या लोकांचे कान किटलेले असतात. त्यापेक्षा समोरच्या वस्तूबद्दल विचारायला सांगा. ठासणीच्या बंदुकीचं काडतूसच घ्या. कागदाची बोटभर नळी, टोकाला पीळ, आत मोजून भरलेली दारू. लढाईत त्यात गोळीही असे. इथे ती अर्थातच नसते. सैनिक ते दातांनी फाडायचा, म्हणून भरती करताना समोरचे दात बघत. दारूत सोरा असतो, त्यामुळे चव खारट. काही फैरी झाल्या की ओठ काळे आणि घसा कोरडाठाक. सरावलेला शिपाई मिनिटाला साधारण तीन बार काढी. हे जवळून पाहिलेलं असलं की दुपारी धुरात कोण काय करतंय ते मुलांना कळतं. नाहीतर सगळा प्रकार म्हणजे लांबून ऐकलेली फटाक्यांची माळ.

आता जागेबद्दल, कारण इथे बऱ्याच गटांची फसगत होते. प्रयोग खऱ्या रणांगणावरच असेल असं गृहीत धरू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई 1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत झाली, पण ते रणांगण अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे आणि समोरासमोर गोळीबार करून माणसं पाडण्याचा खेळ तिथे चालत नाही. बंदूक किंवा तोफ डागून दाखवायला परवानगी असते. मोठे प्रयोग आजूबाजूच्या खासगी जमिनींवर होतात. उलट इंग्लंडमधल्या 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईचा ऑक्टोबरमधला प्रयोग बॅटल ॲबे या जुन्या मठाच्या आवारात होतो, म्हणजे परंपरेने जिथे लढाई झाली असं मानतात तिथेच. जागा वेगळी असेल तर मूळ रणांगणासाठी वेगळा वेळ काढा, शक्य असेल तर आदल्या दिवशी. एकच दिवस असेल तर रणांगण पुढच्या खेपेला ठेवा. दोन्ही कोंबायला गेलात तर मुलं नुसती बसमध्ये बसतील.

आकड्यांचा खेळही करून घ्या. 2015 मध्ये बेल्जियममधल्या वॉटर्लूच्या, म्हणजे नेपोलियनच्या शेवटच्या लढाईच्या, द्विशताब्दीला सुमारे 5,000 रीएनॅक्टर उतरले होते. 18 जून 1815 ला नेपोलियनविरुद्ध उतरलेली प्रशियन (जर्मन) फौज धरून जवळपास 2 लाख माणसं त्या शिवारात होती. समोर दिसतंय त्याच्या चाळीसपट डोळ्यांसमोर आणा म्हटलं की मुलं गप्प होतात. तिथे गेलात तर लढाईचं स्मारक म्हणून नंतर रचलेल्या सिंहाच्या टेकडीच्या 226 पायऱ्या जरूर चढा, पण टेकडीसाठी माती नेपोलियनविरुद्ध लढलेला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याच्या बाजूच्या उंचवट्यावरूनच उपसली होती, हे आधी सांगा. वरून दिसणारा उतार लढाईतला नाही.

आवाजाचं हसण्यावारी नेऊ नका. तोफेचा बार छातीत बसतो. फोमचे इअरप्लग सगळ्यांसाठी घ्या आणि ते कसे घालायचे ते बसमध्येच शिकवा. तोफेचा जाळ दिसल्यावर आवाज येईपर्यंत किती वेळ जातो ते मुलांना मोजायला लावा. 340 मीटरला साधारण एक सेकंद धरायचा. मोजणारं मूल सहसा दचकत नाही. गटातल्या कुणी खरं युद्ध पाहिलं असेल तर मात्र पालकांशी आधी खासगीत बोला आणि त्या वेळेपुरती लांबची जागा ठरवून ठेवा. विसाव्या शतकातल्या लढाईचा प्रयोग असेल तर नाझी गणवेशातली माणसं दिसू शकतात, तेही आधीच सांगितलेलं बरं.

वारा बघून उभे राहा, धूर तोंडावर आला तर काही दिसत नाही. दोरीच्या आत पाऊल नाही, हत्याराला विचारल्याशिवाय हात नाही, आणि मैदानात पडलेलं काडतूस उचलायचं नाही, त्यात न जळलेली दारू असू शकते. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या.

लढाई संपली की सगळे एकदम पार्किंगकडे धावतात. तुम्ही धावू नका. अर्धा-पाऊण तास पुन्हा छावणीत जा; काळ्या तोंडाने परतलेली मंडळी तेव्हा सगळ्यात जास्त बोलतात. बसच्या चालकाला मात्र निघायची वेळ सकाळीच सांगून ठेवा.