'विमुक्त' म्हणजे कशापासून मुक्त?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : मुलाच्या जातीच्या दाखल्यावर 'विमुक्त जाती (अ)' असं आलंय. विमुक्त म्हणजे नेमके कशापासून सुटलेले? आणि 'भटके-विमुक्त' हा एकच शब्द समजायचा का?

'मुच्' हा संस्कृत धातू, अर्थ सोडणे. मुक्ती, मोचन, मोक्ष ही सगळी त्याच घरातली. आधी 'वि' लागला की सुटका पुरती झाली. शब्दकोश इथे थांबतो. 'कशापासून' ते शब्दात नाही, इतिहासात आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीचं नाव राजपत्रात लागलं की त्या जमातीतला माणूस, त्याने काही केलेलं नसलं तरी, संशयित. रजिस्टरात नाव, पुढे बोटांचे ठसेही, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती. 'सेटलमेंट' हे नाव तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला, आणि ही माणसं 'विमुक्त' झाली. देश सुटल्यावर पाच वर्षांनी.

सरकारी इंग्रजीत यांना 'डिनोटिफाइड' म्हणतात. तो शब्द कागदाचा : यादीत होतं, काढलं. 'विमुक्त' हा माणसाचा शब्द आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कुणीतरी कोंडलं होतं, हे तो विसरू देत नाही.

आता 'भटके-विमुक्त'. कॉलेजच्या फॉर्मवर 'व्हीजेएनटी' (विमुक्त जाती, भटक्या जमाती) एका दमात म्हणतात, त्यामुळे एकच वाटतं. पण हा 'आईवडील'सारखा द्वंद्व समास आहे. गोंधळी, वासुदेव, नंदीवाले, वैदू, घिसाडी हे भटक्या जमातींच्या यादीत. रामोशी, बेरड, वडार, कंजारभाट विमुक्तांच्या. म्हणून मधली जोडरेघ गाळू नये. मात्र नावावरून आयुष्य ओळखायला जाल तर फसाल : बैलांच्या तांड्यांवर माल वाहत मुलूख पालथा घालणारा बंजारा आपल्याकडे 'भटक्या'त नाही, 'विमुक्ता'त आहे. तोच कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त. पाल पारधी विमुक्त, फासे पारधी अनुसूचित जमातीत. सोयरीक जुळते, दाखला जुळत नाही.

याच यादीतलं एक नाव आपण रोज वापरतो, तेही शिवी म्हणून : भामटा. 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले' असा मथळा छापताना हे एका जातीचं नाव आहे, 'विमुक्त जाती (अ)'मध्ये ते नोंदलेलं आहे, याची कुणाला आठवणही नसते. त्या जातीतल्या मुलाने पेपर उघडला की त्याला काय वाचायला मिळतं, हे डोळ्यांपुढे आणा. चोर, ठग, लुच्चा, लबाड, तोतया, एवढे शब्द मराठीत पडून आहेत. मी 'भामटा' लिहायचं कधीच सोडलं आहे, आणि माझ्या हाताखालून जाणाऱ्या मजकुरातूनही तो काढतो.