इम्युनॉलॉजीची पदवी कुठे मिळते?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, पीसीबी ग्रुप. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झाल्यापासून तिला रोगप्रतिकारक पेशींचं वेड लागलंय. टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) थायमस या छातीतल्या ग्रंथीत कशा घडतात, यावर तासन्‌तास वाचत बसते. नीटचा क्लास चालू आहे, पण ती म्हणते, डॉक्टर नको, इम्युनॉलॉजीच, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्रच करायचंय. नीटला गुण कमी पडले तर एक वर्ष ड्रॉप घ्यायला लावावं का? ही पदवी मुंबईत कुठे मिळते? आणि पुढे पोटापाण्याचं काय? — एक आई, मुलुंड

उत्तर : नमस्कार. बारावीनंतर लगेच इम्युनॉलॉजीची वेगळी पदवी शोधू नका. हा विषय खऱ्या अर्थाने एमएस्सीत हाती लागतो आणि पीएचडीत मुरतो. असं का, ते मुलीच्या आवडीच्या उदाहरणातूनच कळेल.

अस्थिमज्जेतून निघालेल्या पूर्वज पेशी थायमसमध्ये येतात. तिथे जनुकांचे तुकडे कापून-जोडून प्रत्येक पेशी स्वतःचा रिसेप्टर, म्हणजे समोरचं प्रथिन ओळखणारा रेणू बनवते, तोही बराचसा नशिबावर सोडून. थायमसच्या बाह्य भागात या पेशींवर सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही प्रथिनं असतात. प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणारे शरीराचे स्वतःचे एमएचसी रेणू ज्यांना ओळखता येत नाहीत, त्या तीन-चार दिवसांत मरतात. उरलेल्या आतल्या भागात जातात. तिथे ‘एअर’ नावाच्या जनुकामुळे इन्सुलिनसारखी इतर अवयवांतली प्रथिनं त्यांच्यासमोर येतात आणि त्यांना घट्ट चिकटणाऱ्या पेशी बाद होतात. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त पेशी थायमसमधून बाहेरच पडत नाहीत. ‘एअर’ बिघडलं तर बाद व्हायला हव्या होत्या त्या पेशी सुटतात आणि शरीराच्याच ग्रंथींवर हल्ला चढवतात. घट्ट चिकटूनही वाचलेल्या काही पेशी नियामक, म्हणजे इतर पेशींना आवरणाऱ्या टी-पेशी होतात. ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना नोबेल मिळालं ते याच पेशींवरच्या कामासाठी.

यातला एकेक प्रश्न सोडवायचा तर जनुकशास्त्र, प्रथिनांचं रसायन आणि संख्याशास्त्र लागतं. म्हणून पदवी पायाभूत विषयातच हवी : मायक्रोबायोलॉजी, लाइफ सायन्सेस, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी. भपकेदार नावाच्या बीएस्सीला लाखो रुपये भरण्याआधी कॉलेजात जाऊन एकच गोष्ट विचारा : प्रॅक्टिकलला पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) प्रत्येकाच्या हातात येतं, की सहा जणांत एक करतो आणि पाच जण जर्नल उतरवतात?

ड्रॉपबद्दल. तिला रोगप्रतिकारशक्ती बिघडल्याच्या आजारांचे रुग्ण तपासायचे असतील, तर एमबीबीएस, एमडी आणि मग क्लिनिकल इम्युनॉलॉजी व ऱ्हुमॅटॉलॉजीत (सांध्यांच्या आजारांच्या शास्त्रात) डीएम ही एमडीनंतरची पदवी असा रस्ता आहे आणि त्यासाठी नीटला पर्याय नाही. पण तिला रुग्ण नकोत, पेशी हव्यात. मग ड्रॉपचं वर्ष वाया घालवू नका. तेवढीच मेहनत आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी आणि दुसरी नेस्ट या प्रवेश परीक्षांवर करू द्या. आयएटीत चार विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात आणि चौथा विषय गणित आहे. पीसीबीची मुलं बसू शकतात, पण गणित कोरं सोडलं की एक चतुर्थांश गुण आधीच गेले. नेस्टमध्ये सर्वाधिक गुणांचे तीन विभाग धरण्याची पद्धत आहे, त्यामुळे ती तिला जास्त सोयीची. तरी यंदाचं माहितीपत्रक वाचा. नेस्टमधून कलिन्याच्या मुंबई विद्यापीठ-अणुऊर्जा विभाग केंद्रात पाच वर्षांच्या एकात्मिक एमएस्सीला प्रवेश मिळतो, म्हणजे घरी राहूनही शिकता येईल. साधी बीएस्सी केली तर पुढच्या एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा आहेतच.

आता जे वाचनात येत नाही ते. या विषयातलं रोजचं काम कसं असतं? रक्त घ्यायचं, तेवढ्याच बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) पातळ करायचं, फायकॉल नावाच्या दाट द्रवावर अलगद सोडायचं आणि सेंट्रिफ्यूज या यंत्रात ४०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने ३० मिनिटं फिरवायचं. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद हवा; चालू राहिला तर थांबताना धक्का बसून थर मिसळतात. फायकॉल थेट फ्रिजमधून काढून वापरलं तर लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. सगळं जमलं तर मधोमध पांढुरकं कडं दिसतं, त्यात लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशी. मग सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९ या पेशींवरच्या प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगीत अँटिबॉडी घालून अर्धा तास थंडीत, अंधारात ठेवायचं आणि एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिचे रंग मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर चालवायचं. मेलेल्या पेशींना कुठलीही अँटिबॉडी चिकटते, म्हणून मेलेल्या ओळखणारा रंगही घालावा लागतो. तुलनेसाठी एकेकच रंग घातलेल्या कंट्रोल ट्यूब विसरल्या तर रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि आठ तासांच्या कामाचा आकडा भरवशाचा राहत नाही. हे आठवड्यातून तीनदा करताना मुलगी वैतागते की चूक शोधत बसते, त्यावर बरंच काही ठरेल. ते पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळावं म्हणून विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करायला सांगा. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी (रक्त आणि प्रतिकारशक्ती यांवर संशोधन करणारी) संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांचं निदान तिथे होतं. तिथे किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात प्रोजेक्ट मिळतो का, तेही बघावं. मुलुंडहून परळ म्हणजे एका लोकलचं काम.

पोटापाण्याचं सरळ सांगतो. बारावीपासून पीएचडीपर्यंत दहा-अकरा वर्षं जातात. पीएचडीसाठीची नेट-जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, घरभाडं वेगळं. एमएस्सीपर्यंतचा खर्च मात्र बहुतेक घरचाच, त्याची तजवीज आत्ता करा. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. पण पीएचडी न करताही कामं आहेत. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) निदानासाठी मोठ्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्री चालते. शिवाय आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून, वाढवून परत देतात. पेशी वाढवणाऱ्या आणि निर्जंतुकता तपासणाऱ्या माणसांची गरज तिथे असते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न हाताने काय काय केलंय हाच असतो.