कोसला फुलपाखराचा नव्हे

प्रश्न असा आलाय: फुलपाखराच्या कोषाला ‘कोसला’ (अळीनं रेशमानं विणलेलं आवरण) म्हणावं का, आणि मुळात कोश लिहायचं की कोष?

पहिल्याचं उत्तर: नाही. ‘सुरवंट स्वतःभोवती कोसला विणतो आणि त्यातून फुलपाखरू बाहेर पडतं’ हे वाक्य माहितीपटांच्या निवेदनात इतक्यांदा ऐकलंय की आता डोक्यात तिडीक जाते. फुलपाखरू विणकर नाही. रुईच्या पानाखाली टांगलेली पट्टेरी अळी एकदा नीट बघा. रेशमाची इवलीशी गादी ती पानाला चिकटवते, मागचे पाय तिच्यात रोवते आणि छत्रीच्या मुठीसारखी वाकून उलटी लोंबकळते. काही तासांनी डोक्यामागे कात उलते, चुरगळत चुरगळत वर शेपटाकडे सरकते, आणि खाली जे ओलं, मऊ, हिरवट उरतं तो कोश. भोवती काही गुंडाळलेलं नाही. ते तिचंच अंग, वरून टणक झालेलं. पंखांचे अंकुर तर अळीच्या अंगात आधीपासूनच होते.

विणतो तो पतंग. रेशमाची अळी डोकं डोलवत तोंडाखालून अर्ध्या किलोमीटरहून लांब अखंड धागा काढते, त्यात स्वतःला बंद करते आणि मग आत कात टाकून कोश होते. म्हणजे कोसल्यात कोश असतो, हे दोन वेगळे. (सगळेच पतंग विणत नाहीत, कित्येक जमिनीत शिरून नुसतेच कोश होतात. उलट काही फुलपाखरं रेशमानं पानं सांधून आत बसतात. पण म्हणून शब्दांची सरमिसळ करायला मोकळीक मिळत नाही.)

आता खरी गंमत. ‘कोसला’तला ‘कोस’ म्हणजे संस्कृत कोश, आणि त्याच कोशातून कौशेय, म्हणजे रेशमी वस्त्र. पाणिनीनं या एका शब्दासाठी अख्खं सूत्र खर्ची घातलंय: कोशाड्ढञ्, म्हणजे ‘कोश’ला ‘ढञ्’ प्रत्यय लागून कौशेय होतं. ते त्यानं ठेवलं ‘संभूत’ या अर्थाखाली, म्हणजे कोशात असलेलं ते कौशेय (इथला कोश म्हणजे विणलेला कोसलाच). पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकं लिहिणारा कात्यायन लगेच हरकत घेतो: वस्त्र काही कोशात नसतं, ते कोशाचा विकार, म्हणजे कोशाचं रूप पालटून झालेली वस्तू आहे, तेव्हा सूत्र ‘विकार’ या अर्थाखाली हवं. आणखी एक शंका निघते: कोशात असलेलं ते कौशेय म्हटलं, तर आतल्या किड्यालाही कौशेय म्हणायची पाळी येते. त्यावर काशिकेचं, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेचं म्हणणं, शब्द वस्त्रापुरता रूढ आहे, किड्याला लागत नाही, तलवारीच्या म्यानालाही नाही.

माझ्या मते कात्यायन इथे साफ चुकला. मातीचा घडा होतो तेव्हा मातीचं रूप पालटतं, तो विकार. रेशमाचं तसं नाही. कोसला गरम पाण्यात टाकला की डिंक सुटतो, टोक हाताशी येतं आणि जो धागा अळीनं घातला होता तोच, तसाच, उलगडत येतो. तो तिथे होताच! पाणिनीनं धागा उकलताना जवळून पाहिला असणार, अशी माझी खात्री आहे. सूत्राची जागा तेच सांगते. कात्यायनानं पाहिलं ते फक्त तयार कापड.

राहिलं श आणि ष. शब्दांचा तो कोश, पैशांचा तो कोष, आणि किड्याचा म्हणे फक्त कोष, असा दंडक सांगणारे भेटतात. संस्कृतात दोन्ही रूपं एकाच शब्दाची आहेत. म्यान, खजिना, कळी, शब्दसंग्रह, सगळ्यांना दोन्ही चालतात. अर्थ वाटून देणं ही नंतरची सोय, तिला नियम म्हणू नका. पाठ्यपुस्तकातला कोष चूक नाही. मी किड्यासाठी कोश लिहितो, कारण कौशेयात श आहे आणि तो धागा मला तोडायचा नाही.